लेबल फाडलेली तीन पार्सलं

इतकी वर्षं झाली, तरी ती जळकी पिशवी डोळ्यांसमोरून जात नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कल्याणला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून केस डायरी लिहायला बसलो होतो, तेवढ्यात फोन आला. स्टेशनजवळच्या टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसात पार्सलच्या एका पिशवीने पेट घेतला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा पिशवी बाहेरच्या मोकळ्या जागेत धुमसत होती. एका सॉर्टरने ती इतर पिशव्यांपासून ओढत तिथे आणली होती. कोणीतरी घाईघाईने बादलीभर पाणी ओतलं, तर आग विझायच्या ऐवजी भडकली आणि त्या सॉर्टरचे दोन्ही हात भाजले. त्या काळात असं काही झालं की प्रत्येकाच्या तोंडी बॉम्ब हाच शब्द यायचा. आम्ही इमारत रिकामी केली, बॉम्बशोधक पथक बोलावलं. स्फोटकं मिळाली नाहीत. पंचनाम्यात आला तो फुटलेला पत्र्याचा डबा, बोटाएवढ्या काळ्या पडलेल्या काही नळ्या आणि पार्सल शिवलेल्या कापडाचा हातभर तुकडा. पत्ता जळून गेला होता.

सॉर्टर पालिकेच्या दवाखान्यात होता. पन्नाशीचा, खाडीकाठच्या गावचा. त्याच्या खिशात काडेपेटी सापडली होती, म्हणून मी थेट विचारलं, "बिडी ओढत होतास ना?"

"नाय साहेब. देवापुढं उदबत्ती लावतो सकाळची. पिशवी गरम लागली हाताला, म्हणून भायेर खेचली."

मी तोच प्रश्न चार वेळा फिरवून विचारला. तो वेदनेने कण्हत होता आणि मी हवालदाराला लिहून घ्यायला सांगत होतो. शेवटी तोच म्हणाला, "पिशवी डोंबिवलीची होती, साहेब. तिच्यावरचा बिल्ला मी वाचलेला."

दुपारी पोलीस ठाण्यात फोन वाजला. बाईचा आवाज, मागे रिक्षांचा गोंगाट. "त्या पिशवीत बॉम्ब नाहीये. बॅटरीचे सेल आहेत. पाणी टाकू नका. तशी अजून दोन पार्सलं गेलीत, त्यातलं एक विमानाने जाणार आहे." मी नाव विचारेपर्यंत फोन बंद.

खोटी खबर देणारा माणूस बढाई मारतो किंवा धमकी देतो. ही बाई घाबरलेली होती, आणि काय करू नये ते सांगत होती. मी जीप काढायला लावली.

डोंबिवलीच्या पोस्टात पार्सल काउंटरवरच्या क्लार्कपुढे मी कापडाचा तुकडा ठेवला. त्याने शिवण बोटाने चाचपली. "असा दुहेरी टाका एकाच ठिकाणाहून येतो. एमआयडीसीतला मीटरचा कारखाना. काल तीन पार्सलं होती त्यांची. वर लिहिलं होतं, यंत्राचे सुटे भाग."

कारखाना लहानसाच. मालकाने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. "आम्ही सुटे भागच पाठवतो साहेब. वाटेत कोणी काय घातलं, मला काय माहीत?"

पॅकिंगच्या टेबलाशी चाळिशीतल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांना मी शेजारच्या खोलीत बोलावलं आणि काही न विचारता तो तुकडा पुढे ठेवला. त्यांनी तो उलटून शिवण पाहिली.

"टाका माझाच आहे," त्या म्हणाल्या. आवाज दुपारच्या फोनवरचाच होता. "लिथियमचे सेल आहेत. ते आले त्या परदेशी खोक्यावर सूचना होत्या, तसं मी केलेलं. प्रत्येक सेलच्या टोकाला चिकटपट्टी, मध्ये पुठ्ठा, बाहेर लाल लेबल. आत काय आहे, आपटू नका, ओलं करू नका. मालक म्हणाले, लेबल बघून पोस्टवाले घेणार नाहीत. त्यांनी लेबलं काढली. पुठ्ठ्याने डबा मोठा होतो म्हणून पुठ्ठे काढून सगळे सेल एकत्र ओतले, त्यात चिकटपट्ट्याही निघाल्या. मी परत शिवून दिलं. आज पोस्टात गेले तर कळलं, कोणाचे तरी हात भाजले."

टोकाला टोक लागलं आणि सेल तापत गेले, इतकं साधं होतं ते. मालकाच्या टेबलाखालच्या टोपलीत तिन्ही लाल लेबलं मिळाली. त्याचा आवाज उतरला. "साहेब, एका कागदासाठी एवढं?"

"पावत्या काढा," मी म्हणालो.

एक पार्सल पोस्टातच होतं, ते हवालदाराने जाऊन वाळूच्या बादलीत ठेवलं. दुसरं स्पीड पोस्टने मुंबई विमानतळाकडे गेलं होतं. त्याच टेबलावरून मी फोन लावत बसलो. लाइन लागेना. लागली ती चुकीच्या विभागात. मालक घाम पुसत होता, बाई दारात उभ्या होत्या, आणि विमान सुटायला तासभरही उरला नव्हता. अखेर विमानतळावरच्या टपाल विभागाचा अधिकारी लाइनवर आला. मी पावतीचा नंबर दोनदा वाचला. वीस मिनिटं मी रिसीव्हर कानाला धरून होतो.

"सापडलं," तो म्हणाला. "पिशवी ट्रॉलीवर चढली होती. डबा कोमट लागतोय."

"मोकळ्या जागी वाळूत ठेवा. पाणी नको." मग मी रिसीव्हर खाली ठेवला.

मालकावर गुन्हा दाखल झाला. मी दवाखान्यात जाऊन सॉर्टरची माफी मागितली. "तुम्हाला मी आरोपीसारखं विचारलं, ते चुकलं," म्हणालो. त्यांनी पट्ट्या बांधलेला हात किंचित वर केला. दोन बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत त्यांची.

बाईंची नोकरी त्याच आठवड्यात गेली. फोन करणाऱ्याचं नाव मी कागदावर आणलं नव्हतं. कोर्टात त्यांनी ते आपणहून सांगितलं. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "लेबल लावणं हा फक्त एक नियम आहे. तुम्हाला त्याचं एवढं काय होतं?"

त्या म्हणाल्या, "पिशवी उचलणाऱ्याला आत काय आहे ते कळायला नको का?"

तोपर्यंत मुद्देमालाच्या चिठ्ठ्या मीही कोर्टाला दाखवण्यापुरत्याच लावत होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या मुद्देमालाच्या खोलीत गेलो. एका कोपऱ्यात जप्त केलेल्या तेजाबाच्या बाटल्या होत्या, वर फक्त गुन्हा क्रमांक. रोज पहाटे तिथे झाडायला येणारी बाई त्या हाताने सरकवत असे. मी मोठा कागद घेतला आणि जाड अक्षरात लिहिलं, तेजाब. मग तिला बोलावून ते वाचून दाखवलं.