पुढचा घोडा

दफेदार घोड्यावर बसले की मागे वळून पाहत नसत. मागे आम्ही सहा जण असायचो. पाचव्या घोड्याचा नाल ढिला झाला, तर ते पुढूनच सांगायचे, "पाचवा थांबा. मागचा डावा पाय वाजून राहिला." उतरून पाहिलं की नाल ढिलाच असायचा. नऊ वर्षांत ते एकदाच चुकल्याचं मला आठवतं.

ते फौजेत कधी नव्हते. बिरसीकडच्या आमच्या गावात ते लग्नाच्या वरातीला घोडी देत. आजूबाजूच्या गावांतले घोडेवालेही त्यांना मानत, म्हणून दफेदार हे घोडदळातल्या हुद्द्याचं नाव पडलं. पौषात लग्नं नसतात, घोडी दावणीला उभी राहतात. "उभा घोडा अन् बसला माणूस, दोघंही बिघडते," असं म्हणून ते दर पौषात सात घोडी घेऊन आमगाव, सालेकसा करत दरेकशापर्यंत जात. मी घोडेवाला नाही, शेजारी. पहिल्या वर्षी माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "बापू, सातव्या घोडीले माणूस नाही. चाल." आतल्या वाटांनी जायला एका बाजूचे बासष्ट किलोमीटर भरतात. जायला तीन दिवस, यायला तीन.

उतार आला की ते उतरून पायी चालत, आणि आम्हालाही उतरवत. तक्रार केली तर म्हणत, "चढताना तिनं तुले नेलं ना? मंग उतरताना तू तिले ने." मुक्कामाच्या गावी आधी घोड्यांचं पाणी, मग माणसांचा चहा. हा क्रम वाघ नदीच्या काठी गारठ्यात हात वळत नसतानाही बदलला नाही.

पण त्यांचा खरा नियम लाखोरीचा होता. आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, लाखोरीच्या डाळीचं बी फेकतात. धान कापलं की ती कापलेल्या बुडख्यांतून वर येते. पहिल्या वर्षी मला ते गवत वाटलं. वळसा वाचवायला मी घोडी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, खाली बांधीत घातली. दफेदार पुढे होते, तरी टापांचा आवाज मऊ झालेला त्यांना कळला.

"कोण उतरला गा बांधीत?"

"मी. तीनशे मीटर वाचतात."

"तुझे तीनशे मीटर वाचले अन् कोणाची वर्षाची डाळ गेली. उतर. घोडी हातात धर, गावात जाय, ज्याची बांधी हाय त्याले सांगून ये."

मी गेलो. त्या शेतकऱ्याने शिव्या दिल्या आणि नंतर चहा दिला. त्या रात्री दफेदार म्हणाले, "पुढच्याचं काम एकच. पाय कुठं पडते ते पाहणं. ते ज्याले जमत नाही त्यानं घरी बसावं." स्वतःचं घरी बसणं हे त्यांच्या दृष्टीने मरण्याच्या अलीकडचं ठाणं होतं. रायपूरची लेक दरवर्षी बोलवायची. ते म्हणायचे, "पुढं चालता येते तवरिक येत नाही."

नवव्या वर्षी, आमगाव सोडून दोन तास झाले असतील, दफेदारांनी घोडी धुऱ्यावरून खाली घेतली. बांधी हिरवीगार होती, कुठे कुठे निळं फूलही आलं होतं. मी दुसऱ्या घोड्यावर होतो. मला दिसलं. मागच्या पाचांनाही दिसलं. ते जातायत म्हणजे काहीतरी कारण असेल, असं वाटून आम्ही सहाही घोडी त्यांच्यामागे नेली. चाळीस पावलं तरी गेलो असू.

"काऊन गा, डोरे फुटले काय तुमचे?" पलीकडच्या धुऱ्यावरून एक बाई ओरडत आली. "लाखोरी दिसत नाही?"

दफेदार उतरले. खाली बसून त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. हातात वेल आली.

"फुटलेच हायेत, बाई," ते म्हणाले. "दोन वर्षं झाले. कानावर चालून राहिलो होतो. तुझं नुकसान माझ्या नावावर."

बाई जवळ आली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मामाजी. पाणी प्या."

पाणी पिऊन त्यांनी आपली घोडी रांगेच्या शेवटी नेली. मी म्हणालो, "तुम्हीच पुढे राहा, मी बाजूने चालतो, सांगत जातो."

"दुसऱ्याच्या डोऱ्यानं वरात चालते, बापू. वाट नाही चालत. हो पुढं."

उरलेले दिवस मी पुढे होतो, आणि कोणाचा नाल ढिला, कोण वाकून बसलंय, ते दफेदार आता मागून सांगत होते. दरेकशाला संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले आणि विचारलं, काय दिसते? मी सांगितलं, तीन टेकड्या, एक मालगाडी, अठ्ठावन्न डबे. ते चिडले. "मोजू नको बे. रंग सांग." मी प्रयत्न केला. टेकड्या जांभळ्या आहेत म्हणालो. "कोणत्या जांभळ्या?" तो त्यांचा शेवटचा प्रश्न मी अजून सोडवतो आहे.

परत आल्यावर महिन्याभरात लेक त्यांना घेऊन गेली. पावसाळा संपता संपता ते गेल्याचा फोन आला.

पुढच्या पौषात आम्ही सहाही जण ठरल्या सकाळी गावाबाहेरच्या चिंचेखाली जमलो. घोड्यांवर खोगीर होतं, पिशव्यांत पोहे होते. सगळे माझ्याकडे पाहत होते. मला वाट पाठ होती, प्रत्येक वळणाचं अंतर वहीत होतं. मी टाच मारली, घोडी दहा पावलं गेली आणि थांबली. मागून कोणी काहीच बोललं नाही. नाल ढिला आहे, वाकून बसलास, मधल्याला दम लागला, काहीच नाही. त्या शांततेत पुढे जायचं मला धैर्य झालं नाही. ऊन वर आल्यावर एकेकाने खोगीर उतरवलं.

घोडी अजून आहेत. लग्नात बँडच्या मागे मांडवापर्यंत दोनशे मीटर चालतात, आणि पौषात उभी असतात.