रतनगडाच्या वाटेवर

"फूल तोडू नगा, नाव इचारा." डोंगरात पाऊल पडलं की आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर हे हटकून म्हणायचे.

मास्तर मूळचे घोडेगावचे, ख्रिस्ती. नगरला शाळेच्या वर्गात अगदी पुस्तकी बोलत. शाळेबाहेर पडले की गावाकडची बोली सुरू. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दर भाद्रपदात ते रतनगडावर फुलं-पाखरं बघायला एकटेच जात. लढाईच्या दिवसांत एका वर्षी मला म्हणाले, "औंदा तुमी चला माझ्यासंगं." मी त्याच शाळेत नोकरीला नवा. त्यांनी बोलावलं, यातच खूश.

पायथ्याला सोनकी पिवळीधमक फुलली होती. मास्तर टोपी काढून तिच्यापुढे बसले, बोटांनी पाकळ्या चाचपल्या आणि मग नाव सांगितलं. मला ती त्यांची लकब वाटली.

अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. उजवीकडे कातळ, डावीकडे दरी. मास्तर पुढे होते. "डावीकडं बघा, समदा उतार तेरड्यानं गुलाबी झालाय."

मी पाहिलं. तेरडा नव्हता. उतारच नव्हता. दरड कोसळून वाटेचा तुकडा खाली गेला होता, नुसती ताजी लाल माती दिसत होती. आणि मास्तरांनी त्या पोकळीवर पाऊल उचललं होतं.

मी कोट धरून त्यांना मागे ओढलं. दोघेही कातळावर आदळलो. एक धोंडा सुटला. तो खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

"मास्तर, तुम्हाला दिसत नाही?"

"उजेड दिसतो. तुमी सावलीवानी दिसता." मग म्हणाले, "शाळेत बोलू नगा."

आम्ही बसत बसत उतरलो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. "हितं मोडकी पायरी हाय," असं ते आठवणीनं सांगत. मी पायानं चाचपून बघे. दोनदा पायरी तिथं नव्हतीच.

मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. पोरांची चित्रं ते नाकाशी धरून बघू लागले की मी दुसरीकडे बघे. दिवाळीत त्यांनी आपणहून नोकरी सोडली.

पुढच्या भाद्रपदात मी घोडेगावला गेलो. ते ओसरीवर बसले होते.

"गडावर जाऊन आलात?"

"आलो," मी खोटंच बोललो आणि फुलांची नावं सांगत सुटलो. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

"दरड पडली, तिथं आता काय उगवलंय?"

मी पुन्हा सोनकीचंच नाव घेतलं.

"भ्या वाटलं व्हय?" ते हळूच म्हणाले. "मलाबी लई वाटायचं. एकट्याची छाती हुईना, म्हनून तर तुमाला नेलं."

त्याच वर्षी थंडीत मास्तर गेले. नंतर दोनदा मी गडाच्या पायथ्यापर्यंत गेलो. दोन्ही वेळा वर धुकं होतं. तिथल्या देवळाच्या पायरीवर बसून भाकरी खाल्ली आणि परत फिरलो.