बोटांना लागलेला वास

नव्वदच्या दशकात बडोद्याच्या एका प्रयोगशाळेत मी माशाच्या कातडीची चित्रं घ्यायचे. एक सूक्ष्मदर्शक उजेडात खवल्यांवरची वलयं दाखवी. दुसरा पाण्यातून कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून कातडीखालचे थर पडद्यावर उमटवी.

निजामपुऱ्यातल्या घरमालकिणीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘बेन, घरमां माछली नहीं.’ म्हणून रोज लिंबाने हात चोळून प्रयोगशाळेतून निघायचं, जणू मी पापच करून येत होते.

एका दुपारी एसटीडी बूथवरून रत्नागिरीला फोन लावला. आई म्हणाली, ‘बांगडे तळलेत, सगळे पानावर बसलेत. ठेवते हं.’

त्या संध्याकाळी हात नुसते पाण्याखाली धरले. खोलीवर आले, दार लावून घेतलं आणि माशाचा वास लागलेल्या बोटांनी खिचडी खाल्ली, पोटभर.