झाकलेली पोस्ट

बाईंची आणि माझी शेवटची भेट अवसरी बुद्रुकला त्यांच्या भावाच्या घरी झाली. ओसरीत खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या, दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घेत होत्या. मी निघालो तेव्हा एकच गोष्ट विचारली. "बबनराव लिहितात का रे अजून?" फोरमवर बऱ्याच दिवसांत त्यांचं काही आलं नाही, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "चौकशी कर." चौथ्या दिवशी ऑफिसात असताना त्यांच्या भावाचा एसेमेस आला, बाई गेल्या. आज महिना उलटला. बबनराव ठणठणीत आहेत, लेकीच्या बाळंतपणात अडकले होते. पण ते बाईंना सांगायचं राहिलं.

बाई म्हणजे सुमन पडवळ. मंचरला त्यांचा टायपिंगचा क्लास होता आणि नव्वदच्या दशकात आमच्या भागातली निम्मी कारकून मंडळी त्यांच्या हाताखालून गेली. मीही गेलो. त्यांच्याकडे 'बारीकशी चूक' असा प्रकार नव्हता. एक अक्षर सुटलं तरी कागद परत मिळायचा, तोही न रागावता, आणि म्हणून जास्तच लागायचा. पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. पन्नाशीला टेकलेल्या बाई पुण्याला जाऊन ते शिकून आल्या. मी तोवर पुण्यात नोकरीला लागलो होतो. जुन्नर-आंबेगावच्या, गावाबाहेर गेलेल्या आणि गावात राहिलेल्या लोकांसाठी मी एक मराठी फोरम सुरू केला, तेव्हा मॉडरेटर म्हणून मला दुसरं नावच सुचलं नाही.

शिवीगाळ असेल तर निर्णय सोपा असतो, पोस्ट उडवायची. पण आमच्याकडे शिव्या फारशा यायच्याच नाहीत. यायचे ते टोमणे. कुणी कुणाला 'साहेब' म्हणायचं आणि त्यात साहेब कुठेच नसायचा. कुणी नुसतं 'असो' लिहून समोरच्याला गप्प करायचं. अशा ठिकाणी काय करायचं यावर बाईंनी स्वतःपुरता एक उपाय काढला होता. पोस्ट दोनदा मोठ्यानं वाचायची, ती आपल्यालाच लिहिली आहे असं समजून. दुसऱ्यांदाही टोचली तर झाकायची. झाकायची म्हणजे पुसायची नाही, फक्त आम्हा दोघांनाच दिसेल अशी ठेवायची आणि लिहिणाऱ्याला कारण कळवायचं. बाईंच्या हातून असं क्वचितच व्हायचं. फोरमवर लोक जपून बोलायला लागले आणि आम्हा दोघांना त्याचा अभिमान वाटायला लागला...

ती बिबट्यांची वर्षं होती. जंगलातला बिबट्या, ज्याला आमच्याकडे वाघच म्हणतात, उसात राहायला आला होता, तिथेच त्याला पिल्लं होत होती, आणि संध्याकाळी बांधावर जायचं तर माणसं दोघं-तिघं मिळून जात होती. फोरमवर मात्र त्याचं वेगळंच चाललं होतं. पुण्या-मुंबईचे सभासद फोटो टाकायचे, त्याच्या डोळ्यांवर लिहायचे, माणसानंच त्याच्या घरात कसं अतिक्रमण केलंय ते एकमेकांना समजावून सांगायचे. यात अधूनमधून बबनराव येऊन एखादी ओळ फेकून जायचे. ते मीना नदीकाठचे शेतकरी. बाजाराच्या दिवशी नारायणगावला सायबर कॅफेत बसायचे. 'माहिती नसेल तर लिहू नये.' 'एकदा उसात या, मग सांगा.' नमस्कार नाही, कृपया नाही, खाली नावसुद्धा नाही. लोक तक्रारी करायचे. बाईंनी त्यांना दोन वेळा सौम्य शब्दांत कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी ती पोस्ट आली. मला ती पाठ आहे. 'फोटू बास करा. आमच्या वड्याच्या वरच्या उसात तीन दिस वाघ हाय. पुण्यात बसून अक्कल पाजळणाऱ्यांनी घरी फोन करावा. सांजचं बांधाला जाऊ नका.' ज्यांचा फोटो होता त्यांनी लगेच तक्रार केली. बाईंनी पोस्ट वाचली, दोनदा वाचली, आणि या वेळी स्वतः निर्णय न घेता मला मेल केला. टोचते आहे, पण काहीतरी वेगळंही आहे, तू सांग, असं त्यात होतं. मी मीटिंगला निघालो होतो. 'अक्कल पाजळणाऱ्यांनी' या शब्दापुढे मी नीट वाचलंच नाही. एका शब्दात उत्तर पाठवलं. झाका.

त्याच संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, त्या ओढ्याच्या कडेला गवत कापणाऱ्या एका बाईवर बिबट्यानं झडप घातली. शेजारच्या शेतातली माणसं आरडाओरडा करत धावली म्हणून ती वाचली, पण उजवा हात कायमचा गेला. तिचा मुलगा संतोष पिंपरीत कामाला होता आणि रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आमचा फोरम वाचायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं चार ओळी लिहिल्या, आईसाठी प्रार्थना करा म्हणून. शेवटी सहज लिहिल्यासारखं लिहिलं होतं: गावात वाघ आहे हे कुणाला माहीत असतं तर एक फोन करायचा होता.

तासाभरात बाईंनी त्याच्याखाली उत्तर लिहिलं. 'बबनरावांनी त्या सकाळीच कळवलं होतं. ती पोस्ट उद्धट वाटली म्हणून मी झाकली. चूक माझी आहे.' खाली फक्त त्यांचं नाव. मग त्यांनी ती पोस्ट उघडी केली. लोकांनी त्यांना नको नको ते ऐकवलं, आणि त्यातलं काहीही त्यांनी झाकलं नाही. मी 'बाईंवर राग काढू नका' असं लिहिलं. 'निर्णय माझा होता' असं लिहिलं नाही. आज, त्या वाचू शकणार नाहीत तेव्हा, लिहितोय.

पुढच्या रविवारी बाई मला घेऊन बबनरावांच्या गावी गेल्या. अंगणात खुर्च्या मांडल्या, चहा आला. ओढ्यापलीकडचा ऊस तसाच उभा होता आणि त्याच्याकडे पाठ करून बसायला कुणी तयार नव्हतं. बाईंनी माफी मागितली. बबनराव संकोचले.

"तुमचा काय दोष न्हाई, बाई," ते म्हणाले. "मला गोड लिवायला टाइम व्हत न्हाई. ह्या एका बोटानं लिवतो मी. येक वळ लिवायला धा मिंटं लागत्यात."

परतीच्या वाटेवर एसटी मंचरच्या अलीकडे आली तेव्हा बाई म्हणाल्या, "आयुष्यभर टायपिंग शिकवलं मी. आणि हा माणूस एका बोटानं लिहितोय, हे मला ओळखता आलं नाही." मी तेव्हाही बोललो नाही. त्यांना ठाऊक होतं की मी बोलणार नाही, आणि त्यांनी मला कधी विचारलं नाही... हे मला आता जास्त जड जातं.

त्यानंतर बाईंनी मॉडरेटरचं काम सोडलं नाही, फक्त रीत बदलली. तक्रार आली की आधी लिहिणाऱ्याचा फोन नंबर शोधायचा, बोलायचं, आणि मगच काय ते ठरवायचं. कधी कधी पलीकडचा माणूस खरंच नुसता उर्मट निघायचा. मग त्या त्याला तसं सांगायच्या आणि पोस्ट झाकायच्या. पण कितीदा तरी घरात कुणी आजारी असायचं, कुणाचं काही बिनसलेलं असायचं. संतोषच्या आईलाही त्या दर महिन्याला भेटायला जात होत्या. हे मला त्यांच्या भावाकडून, त्या गेल्यावर कळलं.

बाईंचं काम आता माझ्याकडे आहे. परवा एक तक्रार आली. भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका गावातल्या माणसानं लिहिलं होतं, 'आडाचं पाणी पिऊ नका म्हणून दोनदा लिहिलं. वाचता येतं ना?' तक्रार करणाऱ्याचं म्हणणं, ही काय बोलायची पद्धत झाली? मी पोस्ट दोनदा मोठ्यानं वाचली. टोचली. मग त्या माणसाचा नंबर शोधला आणि फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पोस्ट आहे तशीच राहू दिली आणि पुन्हा नंबर फिरवला.