मागची भिंत

जाम नदीचं पाणी सावरगावच्या खालच्या वस्तीत शिरलं आणि ओसरलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी माझी नुकसानीच्या पाहणीवर तीन दिवसांची ड्यूटी लागली. मी पांढुर्ण्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. पुराशी माझा काय संबंध, हे मला उमजेना. पण तहसीलीचा कागद आला म्हणजे जायचं. पटवारी, म्हणजे आपले तलाठी, मोजणार, मी फॉर्म भरणार. फॉर्म मध्य प्रदेश सरकारचा, म्हणून हिंदीत. पडलेल्या घरांसाठी दोनच रकाने: पूर्ण आणि आंशिक.

संत्र्याच्या बगिच्यात मजुरीला जाणारी एक विधवा बाई होती, पन्नाशीची. तिच्या मातीच्या घराच्या तीन भिंती बसल्या होत्या. मागची तेवढी उभी होती, तिच्यावर तसबीर टांगलेली. भिजलेल्या ज्वारीचा आंबूस वास सुटला होता.

"आंशिक लिहा," पटवारी म्हणाले.

"पण इथं राहणार कशी ती?"

"एक बी भिंत खडी असली तं पूर्ण लिहिता येत नाही, बाई. वरूनच तसं सांगितलं."

मी लिहिलं, सही केली. बाईनं फरक विचारला. पूर्णवाल्यांना घर बांधायला मदत मिळते, बाकीच्यांना डागडुजीपुरती, असं मी सांगितलं. ती भिंतीकडे पाहत राहिली.

"हे भिंत पडली असती तं बरं झालं असतं का, बाई?"

 "पाहू," म्हणून मी पुढच्या घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी नायब तहसीलदार तपासणीला आले. मागची भिंत आडवी झाली होती. तसबीर मात्र लुगड्यात गुंडाळून शेजारच्या ओट्यावर ठेवली होती, कोरडी. मी पाहिली आणि नजर फिरवली.

"कल तो आपने आंशिक लिखा था?" साहेबांनी मला विचारलं.

"भिंत ओली होती, साहेब."

एवढंच मी बोलले. ते खोटं नव्हतं. खरं होतं का, तेही सांगता येईना. पटवारी वहीतून मान वर काढत नव्हते. साहेबांनी आंशिक खोडून पूर्ण लिहिलं.

शेजारच्या म्हाताऱ्याच्या दोन भिंती उभ्या होत्या. त्याचं आंशिकच राहिलं. साहेब जीपकडे गेल्यावर तो माझ्याजवळ आला. आवाजात राग नव्हता.

"मीबी पाडाले पाह्यजे होत्या का, बाई?"

"पाहणी झाली आता, बाबाजी," मी म्हणाले.

तो मान हलवून आत गेला.

बाईचं घर हिवाळ्याआधी उभं राहिलं. म्हाताऱ्यानं त्या दोन भिंतींना टिनाचे पत्रे टेकवून काही महिने काढले, मग तो लेकीकडे लोधीखेड्याला निघून गेला. त्या दोघांपैकी कुणाला काय सांगायला हवं होतं, आणि ते सांगायचं काम माझं होतं की पटवाऱ्याचं की साहेबांचं, याचा मी पुष्कळ विचार केला. पाहणी संपवून शाळेत परत गेले होते तेव्हा हजेरीपटावर माझ्या ड्यूटीच्या त्या तीन दिवसांपुढे गैरहजर लिहिलेलं होतं.