आत्याचं जड पाणी

रोज सकाळी चहाच्या आधी आत्या विजेची किटली कानाशी धरून हलवायची. आत क्षाराच्या खपल्या खुळखुळल्या की किटली बेसिनवर उलटी करून तिच्या बुडावर थापट्या मारायची, तान्ह्या बाळाची ढेकर काढतात तशा. पांढरा चुरा खाली पडायचा. "बघ, काल दिवसभरात एवढं खाल्लं हिने," असं म्हणून मग ती पाणी भरायची.

त्या भागातलं नळाचं पाणी जड होतं. दिसायला नितळ, पण वाळेल तिथे पांढरी खूण ठेवून जाणार आणि तापेल तिथे थर धरून बसणार. काचेचे पेले कितीही घासले तरी धुरकट दिसायचे. शॉवरची निम्मी भोकं बुजली होती आणि उरलेल्यांतून पाणी मनाला येईल तिकडे जायचं. एक धार तर थेट न्हाणीघराच्या खिडकीवर. आत्या म्हणायची, बरंय, खिडकी पुसायला नको.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर ती त्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, उभा आरसा आणि इस्त्रीचं टेबल. नवे कपडे ती शिवत नसे. लोकांचे तयार कपडे अंगाबरोबर बसवून द्यायची. कोणाची पँट आखूड कर, कोणाचा कोट कमरेत घे, लग्नाआधीचा झगा लग्नानंतरच्या देहाला पुरव. गिऱ्हाइकाची वाढलेली कंबर मापताना ती टेप जरा सैल धरून आकडा पुटपुटायची, म्हणून बायका तिच्याकडेच यायच्या.

कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा घरात एक युद्ध सुरू होतं. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा. गीझर बंद पडला तेव्हा आत्याने पातेल्यात पाणी तापवून उचलून नेलं होतं आणि मनगट भाजून घेतलं होतं. दादाने तेव्हापासून एकच धोशा लावला होता.

"आणखी एक वस्तू बिघडली ना आई, की सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. हे दुकान बंद."

दादाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे तलावाचं मऊ पाणी यायचं आणि त्याच्या वस्तू वर्षानुवर्षं चालायच्या. त्याचं काही चुकत नव्हतं. पण आत्याला मुलाच्या घरी हात बांधून बसायचं नव्हतं. मग तिच्याकडे एकच उपाय उरला. वस्तू बिघडणं तिच्या हातात नव्हतं, ते कळू न देणं होतं.

त्यामुळे गीझरवाला आमच्याकडे लपूनछपून यायचा. एकदा तो न्हाणीघरात स्टुलावर उभा असताना नेमका दादाचा फोन आला. गीझरवाल्याने कॉइल बाहेर ओढली. तिच्यावर एवढा जाड पांढरा लेप, की आत धातू आहे हे विश्वासाने मानावं लागत होतं.

"काकू, हा गीझर नाही, चुन्याची भट्टी आहे."

आत्याने त्याला हाताने गप्प केलं.

"कोण बोलतंय गं?" दादाने विचारलं.

"गिऱ्हाईक आहे. कोट सैल करून हवाय."

गीझरवाला हुशार. त्याने स्टुलावरूनच मोठ्याने सांगितलं, "छातीत फार आवळतोय हो काकू."

"गीझर चालू आहे ना?"

"चालू म्हणजे? पळतोय," आत्या म्हणाली. गीझरची टाकी उघडी पडली होती आणि गीझरवाला तिच्यातून चमच्याने गाळ काढत होता.

वाफेची इस्त्रीही तशीच. मध्येच तिला खोकला यायचा आणि काळ्या कोटावर पांढरे ठिपके उडायचे. गिऱ्हाइकाने भुवया उंचावल्या की आत्या शांतपणे सांगायची, "मापाचा खडू आहे. झटकला की जातो." आणि झटकला की तो खरंच जायचा. त्यामुळे ते पूर्ण खोटं नव्हतं, असं तिचं मत.

पण एका रविवारी दादा न सांगता आला. मी त्याच सकाळी किटलीत लिंबूसत्त्वाचं पाणी मुरत ठेवलं होतं, थर सुटावा म्हणून. आत्याला ते सांगायचं राहून गेलं. तिने घाईघाईने त्याच पाण्याचा चहा केला. दूध घातल्याबरोबर कपात ढग जमले.

दादाने घोट घेतला आणि बराच वेळ गिळला नाही. "आई, हे काय आहे?"

"पचनाला चांगलं असतं."

दादा उठला. त्याने घरभर फिरून एकेक बटण दाबलं. वॉशिंग मशीन गुरगुरलं, पण त्यात पाणी चढेना. नळीच्या तोंडाची जाळी क्षाराने लिंपली होती. बादलीत भिजवलेले कपडे त्याने पाहिले आणि आईच्या लाल झालेल्या हातांकडेही. तो ओरडला नाही. तो ओरडला असता तर आत्याने वाद घातला असता. तो नुसतं म्हणाला, "थोडे दिवस राहून तर बघ. मला तिकडे झोप लागत नाही."

आत्याने शिलाई मशीनवर चादर टाकली.

पुढचं मला वहिनीने सांगितलं. दादाच्या घरी पहिल्याच सकाळी आत्या न्हाणीघरातून बाहेर येईना. वहिनीने दार वाजवलं.

"आई, बरं वाटतंय ना?"

"साबण निघत नाहीये. किती पाणी ओतलं, अंग बुळबुळीतच."

"निघालाय तो. मऊ पाण्यात तसंच वाटतं."

"मला कसं कळायचं? तुमचं पाणी एकदा हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही."

चहालाही तिच्या मते चव नव्हती. पण सून चांगली, दिवसभर राबणारी, तेव्हा तिला हातभार लावावा म्हणून दोघं कामावर गेल्यावर आत्याने कपडे धुवायला घेतले. पावडर घातली ती आपल्या हाताच्या सवयीने. जड पाण्यात फेस लवकर धरत नाही, म्हणून आमच्याकडे मूठ भरून, वर आणखी एक, आणि मग मशीनचा आवाज ऐकून जरा जास्तच. तो हिशेब तिने त्या मऊ पाण्याला लावला.

फेस आधी पावडरच्या खणातून डोकावला. मग दारातून आला, स्वयंपाकघर ओलांडून बैठकीत शिरला आणि सोफ्याखाली जाऊन पलीकडून बाहेर पडला. दादा आणि वहिनी परतले तेव्हा आत्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि दादाच्या चपला फेसातून संथपणे चालल्या होत्या. मशीन कधीचं बंद पडलं होतं.

"किती पावडर घातलीत, आई?" वहिनीने विचारलं.

"रोजच्याएवढीच. तुमच्याच पाण्याला धरबंध नाही."

दादाने दाराशीच बसून बूट काढले. दुरुस्तीवाल्याने येऊन मशीन उघडलं आणि आतला बोर्ड गेल्याचं सांगितलं. तो गेल्यावर आत्या हळूच म्हणाली, "तुझ्या नियमाने आता तू सामान बांधायला हवंस. माझ्याकडे जागा आहे."

वहिनी आधी हसली. मग दादाला आवरेना. हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर आईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती निकालाची वाट पाहत होती.

"सोडून येऊ या हो आईंना," वहिनी म्हणाली. "त्यांचा जीव इथे लागायचा नाही, आणि आपलं घर टिकायचं नाही."

दादाने तिला परत आणलं. येताना पाणी मऊ करणारं यंत्रही आणलं आणि ते नळीवर बसवून दिलं. त्यात मीठ घालावं लागतं म्हटल्यावर आत्याने ते बराच वेळ संशयाने न्याहाळलं. पण नंतर पेल्यांतून आरपार दिसायला लागलं. गीझरवाला बोलावल्याशिवायच यायचा, चहा प्यायला. काम नाही म्हणून कुरकुरायचा आणि आत्या त्याच्या पँटची चेन बदलून द्यायची, म्हणजे येणं वाया गेल्यासारखं वाटू नये.

त्यानंतर बरीच वर्षं ती तिथेच राहिली, आपल्या कामात, आपल्या दोन खोल्यांत. ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिला भेटायला गेले होते. कुणाचा तरी कोट मांडीवर घेऊन ती अस्तर उसवत होती. निघताना मी म्हटलं, उठू नकोस, दार मी बाहेरून नीट लावून जाते. तिने कात्री बाजूला ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकले.

"तू नुसतं ओढून घे. कडी मी लावते."