माझ्याकडून कोणीच नव्हतं

घरात पहिला मी शिकलो. एम.ए. झालो, नांदेडात कॉलेजवर लागलो, आणि कागद वाचता येतो म्हणजे सौदाही करता येतो असं समजून बसलो. घर घ्यायचं होतं ते मायसाठी. उमरीजवळच्या गावात ती एकटी, इथं भाड्याच्या खोलीत मी एकटा. तिचे गुडघे गेलेले.

आमच्याकडे बैल घ्यायलाही कोणी एकटा जात नाही. बाजारातला दलाल विकणाऱ्याकडं झुकलेला असतो, म्हणून घेणारा आपला एक माणूस सोबत नेतो. त्यानं बैलाचे दात बघायचे, चालवून बघायचं, आणि बैल पसंत पडला तरी तोंड वाकडं करून उभं राहायचं. वडील होते तोवर हे काम काकांचं. घराच्या बैठकीलाही काका यायला निघाले होते. मी म्हणालो, "तिथं सगळं कागदाचं काम राहतंय काका. तुम्ही येऊन काय करता?"

"बरं. तू शिकलेला हायस," काका म्हणाले. एवढंच.

बैठक विष्णुपुरीच्या बाजूला, दलालाच्या ऑफिसात. विकणाऱ्यासोबत त्याचा भाऊ, मेव्हणा आणि मामा आले होते. दलालानं चहा सांगितला अन् विचारलं, "सर, तुमच्याकडून कोण?"

"मीच की."

"मग काय, सर तर आपलेच हायत." समोरचे सगळे हसले. मीही हसलो.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा. लिफ्टची जागा सोडलेली, लिफ्ट बसायची होती. मायच्या गुडघ्यांचं मी दलालाला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "दोन महिन्यात चालू होते बघा." कागदाची ओळ न् ओळ मी वाचली. लिफ्टचा त्यात शब्द नव्हता, आणि ते मला खटकलंही नाही.

लिफ्ट बसली नाही. राहायला गेल्यावर कळलं की त्याच महिन्यात त्याच इमारतीतला तळमजल्याचा फ्लॅटही विकला गेला होता. मी दलालाकडं गेलो.

"तो माझ्याकडं नव्हता सर. दुसऱ्या दलालाचा होता."

"पण तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं की. ते सांगितलं असतं तर वरचा कोणी घेतला असता?" तो चिडला नव्हता. "सर, तुम्ही आपला एक माणूस आणायला पाहिजे होता."

त्याचा मला राग नाही. तो विकणाऱ्याचा माणूस होता. दलाली मीही दिली, पण तेवढ्यानं तो माझा होत नव्हता. घर घेणाऱ्यानं स्वतःचा वेगळा दलाल करावा, विकणाऱ्याशी काही देणंघेणं नसलेला. तसा मिळत नसेल तर काकांना न्यावं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

माय एकदाच आली. पहिल्या मजल्यापर्यंत चढली आणि पायरीवर बसली.

"वर कसं हाय रे?"

"चांगलं हाय. उजेड लई येतो."

"मग झालं."

मी वर जाऊन चहा करून आणला. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट देत, भिंतीकडं सरकत, आम्ही तिथंच बसून प्यालो. कप खाली ठेवून तिनं उमरीची बस किती वाजता हाय म्हणून विचारलं. मी तिचा हात धरून तिला एक एक पायरी खाली उतरवलं.